माळ, औषध आणि संगत



आषाढीची वारी घरी आली की गावोगाव मनातल्या मनात एक हिशेब होतो. यंदा अमुक वाडीतल्या चौघांनी माळ घातली. त्यांतल्या तिघांची दारू सुटली. चौथ्याची सुटली होती, पण दिवाळी झाल्यावर तो पुन्हा गुत्त्याच्या वाटेवर दिसला. ज्यांची सुटली त्यांचे दृष्टान्त आम्ही कीर्तनकार वर्षानुवर्षे सांगत आलो. चौथ्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. घेतलेच तर "माळेचा अपमान केला" एवढेच बोलून विषय मिटवतात. आजचा हा लेख त्या चौथ्यासाठी आहे. त्याचे काय चुकले, आपले काय कमी पडले, आणि महाराष्ट्रात गेल्या दीडशे वर्षांत या रोगावर काय काय उपाय झाले, त्याचा इतिहास क्रमाने पाहू. इतिहास यासाठी की उपाय आज नव्याने शोधायचा नाही. तो तुकड्यातुकड्यांनी आपल्याच भूमीत सापडलेला आहे, ते तुकडे एकत्र बांधायचे राहिले आहेत.

प्रथम आपल्या घरापासून सुरुवात करू. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ हा दागिना नाही, तो करार आहे. माळ घालणाऱ्याने मद्य-मांस वर्ज्य करावे, एकादशी धरावी, नित्य हरिपाठ करावा, परस्त्री मातेसमान मानावी आणि वारी चुकवू नये, हे नियम तुम्हा सर्वांना ठाऊक आहेत. यातली खुबी मात्र नीट पाहा. नुसते "दारू पिऊ नकोस" एवढेच सांगून माळ थांबत नाही. ती माणसाचा दिवस भरून काढते. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, पंधरवड्याला एकादशी आणि रात्री जागर, वर्षात एक सप्ताह, वर्षाची वारी. हरिपाठाची वेळ कोणती? दिवेलागणीची. गुत्ता भरण्याची वेळ कोणती? तीच. ज्या घटकेला पिणाऱ्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात, त्याच घटकेला त्याच्या हातात टाळ द्यायचा, ही आपल्या पूर्वजांची योजना आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली, दिंड्यांचे क्रम ठरवले. पुढे १९१७ साली गुरुवर्य विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापली आणि गावोगाव कीर्तनकार, प्रवचनकार तयार होऊ लागले. व्यसन सोडण्याचे काम या संस्थेच्या किंवा दिंडीच्या नावात कोठे लिहिलेले नाही. पण शेकडो घरे या वाटेने सावरली, हे कोणी नाकारणार नाही.

आता समोरची बाजू पाहू. दारू आपल्याकडे पूर्वीही होती. कोकणपट्टीत माडी-ताडी होती, जंगलपट्टीत मोहाची होती. परंतु तिचे मोठ्या व्यवस्थेत रूपांतर झाले ते इंग्रजी अमलात. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. गाळणे, विकणे, झाड छेदणे या सर्वांवर कर आणि परवाने आले. दारू हे सरकारच्या उत्पन्नाचे साधन झाले. मी ज्या नवी मुंबईत राहतो, तिच्या दक्षिणेला खाडीपलीकडे उरण आहे. आज तेथे बंदराचे कंटेनर दिसतात. एकोणिसाव्या शतकात तेच उरण मोहाची दारू गाळण्याच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते आणि तेथला माल मुंबईस जात असे. म्हणजे या खाडीकाठाची दारूशी ओळख जुनी आहे, ती कालच्या बारमुळे झालेली नाही.

या व्यवस्थेविरुद्ध पहिले बोलणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. दारूने गरिबाचे घर बुडते, हे त्यांनी नगरपालिकेच्या दप्तरात लिहून ठेवले. पुढे १९०८ साली पुण्यात स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवू लागले. लोकमान्य टिळकांचा त्या चळवळीस पाठिंबा होता. काँग्रेसचे पहिले मंत्रिमंडळ आल्यावर १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. ते खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते, आणि ते स्वतः नामांकित वैद्य होते. महायुद्धामुळे मंत्रिमंडळ गेले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून सबंध मुंबई राज्यात दारूबंदी आली.

त्या कायद्याचे पुढे काय झाले, ते आपण पाहतोच. हळूहळू परवाने सुटले. "परमिट रूम" हा शब्द त्या परवान्यातूनच आला. जिथे उघड दारू बंद तिथे हातभट्टी आली, आणि खाडीच्या खारफुटीत भट्ट्या लपल्या. बंदी उठली तरी हातभट्टी गेली नाही. विषारी दारूने माणसे मेली. २०१५ साली मालवणीत शंभरांहून अधिक जीव गेले, त्यांतले बहुतेक हातावर पोट असणारे होते. यावरून कायदा निरर्थक ठरतो असे नाही. गावात दुकान नसणे ही बायाबापड्यांना फार मोठी सोय आहे. ज्या गावांनी मतदान करून बाटली आडवी केली, तेथील माउल्यांना विचारा. परंतु कायदा दुकानाशी बोलतो. ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्या माणसाशी कायदा बोलत नाही. दुकान बंद झाले तरी तो माणूस उरतोच.

त्या माणसाशी बोलणारा महापुरुष म्हणजे गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावी त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले, घर मोडले, आणि लहानगा डेबू आईबरोबर मामाच्या घरी वाढला. म्हणजे हा कीर्तनकार व्यसनी माणसाचा मुलगा होता. हे आपण विसरतो. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, ही त्यांच्या चरित्रातली प्रसिद्ध गोष्ट आहे. त्या काळी जातभाईंचा रोष पत्करून असे करणे सोपे नव्हते. पुढे कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. उपदेश वरून ओतण्याऐवजी माणसाला स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्थिती बोलायला लावणे, ही बाबांची रीत होती. आज समुपदेशक नावाचा जो मनुष्य असतो, तोही बहुतांशी हेच करतो.

आता आमच्या नवी मुंबईकडे येतो. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांची भूमी नव्या शहरासाठी ठरली. भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांवर जगणारे आगरी, कोळी, कराडी बांधव. त्यांच्या जमिनी गेल्या, हातात रोकड आली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे काम गेले. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना मिळाली. हा इतिहास अभिमानाचा आहे. पण त्याच्या पोटात एक दुःख आहे. पहाटे उठून खाचरात जाणाऱ्या माणसाला उठण्याचे कारण उरले नाही. हातात पैसा, मोकळा दिवस, आणि रस्त्याच्या कडेला बार. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते कोणत्याही समाजात सारखेच होते. त्यात जातीचा दोष नाही. मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा घाटावरच्या कामगारांच्या चाळींतही हेच झाले.

त्याच काळात या गावांनी प्रतिकारही उभा केला. डोंबिवली परिसरातील सावळाराम महाराज म्हात्रे यांनी आगरी समाजात लग्नातली दारू आणि उधळपट्टी यांविरुद्ध कीर्तनांतून प्रबोधन केले. आज पनवेल, उरण, बेलापूर, कळवा, डोंबिवली या पट्ट्यातील कितीतरी गावांत अखंड हरिनाम सप्ताह थाटाने होतात. आमच्या संप्रदायाचे हे मोठे बळ आहे. पण सप्ताहाच्या मंडपापासून शंभर पावलांवर हळदीचा मांडव असतो आणि त्यात दारू वाहते, हेही तितकेच खरे आहे. हळदीत दारू न वाटण्याचे ठराव अलीकडे काही गावांनी केले आहेत. गाडगेबाबांनी बारशाला केले तेच हे काम आहे. ज्या घराने पहिला ठराव पाळला, त्या घराचा सत्कार सप्ताहात काल्याच्या दिवशी करावा, अशी माझी सूचना आहे.

आता औषधाची बाजू पाहू. १९३५ साली अमेरिकेत ओहायो प्रांतातील ॲक्रन गावी दोन पिणारी माणसे भेटली. एक शेअर बाजारातला मनुष्य, दुसरा डॉक्टर. दोघांच्याही दारूपुढे घरच्यांनी हात टेकले होते. एकमेकांशी बोलत राहिले तर त्या दिवसापुरते आपण पीत नाही, असे त्यांना आढळले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना झाली. १९५७ साली ती भारतात आली, आणि आज नवी मुंबईतही तिच्या सभा भरतात. सभेची रीत साधी आहे. फी नाही, पुढारी नाही, नाव-गाव-जात विचारायची नाही. प्रत्येकाने आपली कथा सांगायची. आपल्या बळाने हे होत नाही, आपल्याहून मोठ्या शक्तीला शरण जायचे, हे पहिल्याच पायऱ्यांत येते. आणि संकल्प जन्माचा करायचा नाही, आजच्या दिवसापुरता करायचा. वाचकहो, तुम्ही दिंडीत चाललेले आहात. जेथे पाटील आणि मजूर एकमेकांच्या पाया पडतात, जेथे मुक्कामापुरतेच अंतर मोजायचे असते, त्या वाटेशी ही रीत किती जुळते पाहा. आळंदीहून निघताना कोणी अडीचशे किलोमीटरांचा विचार करीत नाही. पुढच्या विसाव्याचा करतो. त्या लोकांनी हे आपल्याकडून घेतले असे मी म्हणत नाही. जगात कोठेही माणूस खरा हरला की त्याला तीच दोन दारे सापडतात, शरणागती आणि संगत.

आपल्याकडे १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. ते स्वतः या रोगातून गेलेले होते. योगाचार्य अय्यंगार यांच्या योगासनांची त्यांनी या कामास जोड दिली. त्याच सुमारास मुंबई-पुण्यात गर्द नावाचे विष पसरू लागले. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा झाला. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, ज्यांना सारे सुनंदा म्हणत, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. आनंद नाडकर्णी यांचा त्यात सुरुवातीपासून हात होता. सुनंदाताईंना कर्करोग असतानाही त्या काम करीत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या. काम थांबले नाही, पुढे त्यांच्या कन्येने ते चालवले.

मुक्तांगणाने काय शिकवले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, व्यसन हा आजार आहे. आजारी माणसाला शिव्या देऊन ताप उतरत नाही. दुसरी, आधी शरीरातले विष डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायचे, मग पस्तीस दिवसांच्या निवासात मनाचे काम करायचे. तिसरी, जो स्वतः यातून बाहेर आला तोच कार्यकर्ता होऊन दुसऱ्याला हात देतो. चौथी, एकटा पिणाराच आजारी नसतो, घर आजारी असते. म्हणून पत्नींचा सहचरी नावाचा वेगळा गट केला, आणि पुढे व्यसनी स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग. पाचवी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाठपुरावा. निवास संपला म्हणजे रोग संपला असे नाही. माणूस गावी गेल्यावर दर काही दिवसांनी त्याला पुन्हा त्याच्यासारख्यांत बसावे लागते. आपली वारी दरवर्षी का असते? एकदा जाऊन विठोबा पाहिला, झाले, असे का नाही? कारण मनाला विसरण्याची खोड आहे. त्या खोडीवर वारंवार हा एकच उतारा आहे.

तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लोकांना बरोबर घेऊन दारूमुक्तीचे आंदोलन उभे केले. १९९३ पासून त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. पण बंदीवर ते थांबले नाहीत. २०१६ पासून मुक्तिपथ या उपक्रमात गावोगावच्या समित्या, तालुक्याच्या ठिकाणी उपचार आणि लोकजागृती यांची सांगड घातली गेली. कायदा, गाव आणि दवाखाना एका दोरीत बांधण्याचा हा प्रयत्न आहे. लेखाच्या आरंभी तुकडे बांधण्याचे म्हटले, ते असे.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ती गोष्ट सांगतो. कृपा करून येथे सावकाश वाचा.

जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने दारू एकाएकी थांबवली तर ती थांबवणे हाच त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. त्याच्या मेंदूला दारूच्या दाबाची सवय झालेली असते. दाब अचानक उठला की मेंदू उसळतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलतात, वेळ-स्थळ कळत नाही, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येतो. डॉक्टरकडे यावर औषधे आहेत, आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन ते मेंदूचे रक्षण करतात. काही दिवस नीट सांभाळले तर माणूस सुखरूप पार पडतो.

आता विचार करा. असा माणूस भरल्या मनाने माळ घालतो. त्याच दिवशी दारू सोडतो. दुसरे दिवशी एकादशी, पोटात अन्न नाही. किंवा प्रस्थानाच्या दिवशीच सोडतो आणि उन्हात चालू लागतो. तिसऱ्या मुक्कामाला तो बडबडू लागतो. आम्ही काय म्हणतो? कोणी म्हणतो, अंगात आले. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा. आमच्या खाडीकाठच्या एका गावात सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री असेच झाले. माळकरी झालेला पन्नाशीचा गृहस्थ मंडपात मुंग्या झटकू लागला. लोक भगताला आणायला निघाले होते. त्याची पुतणी परिचारिका होती. तिने हात धरून पाहिला, सगळ्यांना बाजूला सारले आणि रिक्षात घालून रुग्णालयात नेले. आठ दिवसांनी तो परत आला, काल्याचा प्रसाद घरी पोहोचला होता तो त्याने खाल्ला. पुढे तो अनेक वर्षे टाळ धरून उभा राहिला. पुतणी त्या रात्री गावात नसती तर आमच्या सप्ताहाला मरणाचा डाग लागला असता, आणि लोक म्हणाले असते की माळ सोसली नाही.

म्हणून माळ घालणाऱ्या महाराजांना आणि दिंडीच्या विणेकऱ्यांना माझी विनंती आहे. माळ घालताना माणसाला एकान्तात विचारा, "बाबा, रोज किती घेतोस? सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होतात का? पूर्वी कधी सोडताना आकडी आली होती का?" उत्तरे वाईट आली तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा. सरकारी रुग्णालयातला मनोविकार विभाग, आमच्याकडच्यांना ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय, ही दारे गरिबाला खुली आहेत. औषध घेतल्याने माळेचे पावित्र्य कमी होत नाही. ताप आला तर आपण गोळी घेतोच ना? उपचार चालू असताना त्याने एकादशीचा कडक उपवास करू नये, डॉक्टर सांगतील ते खावे. विठोबा रागावणार नाही.

दुसरी सावधगिरी. लोकलच्या डब्यात जाहिराती चिकटवलेल्या असतात, "दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत". बिचाऱ्या माउल्या ती पूड आणून भाजीत कालवतात. दारूवर घेतली असता भयंकर त्रास होतो अशी गोळी खरोखर आहे, १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी ती पुढे आणली. पण ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून द्यायची असते. नकळत दिली आणि वर त्याने दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही. असल्या पुड्या घरात आणू नका.

तिसरी सावधगिरी. काही ठिकाणी व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसाला कोंडतात, मारतात, साखळीने बांधतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकार धरलेले आहेत, आणि साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आपला माणूस कोठेही सोडू नका.

२०१९ साली एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. देशात सुमारे १६ कोटी माणसे दारू पितात, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो, असे त्यात आढळले. उरलेले सदतीस कोठे आहेत? ते आपल्याच गावात, आपल्याच भजनाच्या आवाजाच्या टप्प्यात आहेत. दवाखाना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, मृदंगाचा आवाज पोहोचतो. म्हणून हे काम आपले आहे.

आता त्या चौथ्या माणसाकडे परत येऊ. दिवाळीनंतर तो पुन्हा प्याला. डॉक्टर सांगतात की या आजारात पुन्हा घसरणे वरचेवर घडते. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढते तसेच हे. साखर वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही, पथ्य कोठे चुकले ते पाहतो. घसरलेला माळकरी मात्र लाजेने माळ काढून देवघरात ठेवतो, हरिपाठाला येणे बंद करतो, आणि ज्या संगतीने त्याला वाचवायचे तीच त्याला पारखी होते. आपण त्याला "ढोंगी" म्हटले की परतीचे दार बंद झाले. माझे म्हणणे असे नाही की पिऊन मंडपात यावे. नियम नियमच राहावा. पण नियम मोडणाऱ्याला परत येण्याची वाट हवी. दोन जुन्या टाळकऱ्यांनी दुसरे दिवशी सकाळी, तो शुद्धीवर असताना, त्याच्या घरी जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा. "संध्याकाळी हरिपाठाला आम्ही तुला घ्यायला येतो" एवढे सांगावे आणि खरोखर जावे. डॉक्टरकडे जायचे असेल तर बरोबर जावे. त्याची कारभारीण काय सोसते तेही एखाद्या वडीलधाऱ्या माउलीने ऐकून घ्यावे, कारण तिला बोलायला जागा नसते.

आपल्या मंडळींविषयीही एक बोलतो, राग मानू नका. दारूवर कीर्तन करून उतरलेल्या बुवांच्या तळहातावर तंबाखू मळताना पुष्कळांनी पाहिली आहे. दिंडीत दारू नसते, पण तंबाखूची चंची आणि मिश्रीची डबी असते. खारघरला टाटा रुग्णालयाचे ॲक्ट्रेक केंद्र आहे. तेथे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पाहा. गळ्यात तुळस आणि गालाला भोक, असे वारकरीही त्यांत दिसतील. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तंबाखू मात्र आपल्या कनवटीला राहिली. जो स्वतःची चंची सोडून दाखवील, त्याचा शब्द दारूवाला ऐकेल. तंबाखू सोडण्यासही औषध आहे आणि फुकट सल्ला मिळतो. १८००-११२-३५६ हा त्याचा क्रमांक. दारू आणि इतर नशांसाठी १४४४६, आणि मनाच्या कोणत्याही व्यथेसाठी १४४१६. सप्ताहाच्या पत्रिकेत अन्नदात्यांची नावे आपण दोन पाने छापतो, त्याच्या खाली हे तीन आकडे छापायला किती शाई लागेल?

शेवटी आपल्या दैवताकडे पाहू. पुंडलिकाची कथा तुम्हाला पाठ आहे. परंपरा सांगते की तो आरंभी आईबापांना छळणारा मुलगा होता. काशीच्या वाटेवर कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, आणि तो घरी परतून मायबापांची सेवा करू लागला. देव दारात आला तेव्हा त्याने सेवा न सोडता वीट फेकली, आणि देव तीवर उभा राहिला. म्हणजे आपला सारा संप्रदाय एका वाट चुकून परत आलेल्या मुलाच्या विटेवर उभा आहे. देव त्याला म्हणाला नाही की तुझे पूर्वीचे हिशेब दाखव. तो कमरेवर हात ठेवून थांबला, आणि अठ्ठावीस युगे थांबलेलाच आहे. ज्यांचा देव इतका थांबतो, त्यांना एका माळकऱ्यासाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा थांबणे जड जाऊ नये.

माळ संकल्प देते, औषध शरीर सांभाळते, संगत त्या दोहोंना टिकवते. यांतले एक जरी सुटले तरी दोरी सुटते. येत्या एकादशीला आपापल्या मंडळात एवढे विचारा की आपल्यातला चौथा कोण आहे आणि त्याच्या घरी उद्या सकाळी कोण जाणार आहे. दोन नावे ठरली की मग हरिपाठास सुरुवात करा.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.